लाल एल्बो

रविवारी दुपारी, चर्चहून परतल्यावर कपडेही न बदलता व्लादो शारिचने ट्रॉयचा उजवा हात बाकावर बसवलेल्या लोखंडी पकडीच्या, व्हाइसच्या, जबड्यात घातला आणि हात निघणार नाही इतपत दांडा आवळला. मग तो शेडबाहेर गेला आणि कोळशावरच्या चेवापी, म्हणजे खिम्याच्या वळ्या, उलटून आला. मांस करपलेलं त्याला चालत नसे.

शेड बापाचं होतं, व्हाइसही बापाचीच. एवढी अवजड वस्तू, बाप राबायचा त्या व्हायाला गावच्या पोलाद कारखान्यातून बाहेर कशी आली, हे त्या घरात कधी कुणी विचारलं नाही. बाप जाऊन चार वर्षं झाली होती. मागे राहिलं होतं ते शेड, शेडातले गाडीचा जोर मोजायचे रोलर, आणि त्या रोलरवर आत्ता पट्ट्यांनी बांधून उभी असलेली त्याची जुनी सहा सिलिंडरची गाडी. व्लादोने तिला इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसवला, चाकं बदलली, इंजिन पार उलटंपालटं केलं, पण रंग बापाचाच ठेवला. शनिवारच्या अंतिम शर्यतीत, सगळ्या गावादेखत, तीच गाडी अर्ध्या वाटेत गुदमरल्यासारखी झाली आणि शेजारच्या पोर्ट ऑगस्टा गावची टोळी शिट्ट्या मारत पुढे निघून गेली.

आता व्लादोचा स्वभाव सांगायलाच हवा. या माणसाने जन्मात कधी स्वतःची चूक कबूल केली नव्हती. गाडी खांबावर घातली तेव्हा रस्त्याचा उतार वाईट होता. बायको सोडून गेली तेव्हा सासूने कान फुंकले होते. तेव्हा शनिवारी गाडी मेली, ती कुणीतरी मारलीच असणार होती, आणि ते कोण हे ठरवायला त्याला घरी पोचेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. ट्रॉय शुक्रवारी संध्याकाळी आपला विसरलेला पाना न्यायला शेडात आला होता. व्लादो हात धुवायला गेला तेवढा वेळ आत एकटा होता. आणि ट्रॉय आता पोर्ट ऑगस्टाच्या टोळीकडे कामाला होता. एवढा पुरावा व्लादोला पुष्कळ झाला.

व्लादोची बहीण नेवेंका आली ती हातात लॅपटॉप घेऊन. गाडी रोलरवर चढवायची आणि तिचा जोर कुठे गळतोय ते हुडकायचं, हा तिचा धंदा. फोनवर भाऊ एवढंच म्हणाला होता, "गाडी बांधून ठेवलीय, ये." दारातून आत पाऊल टाकलं आणि तिला ट्रॉय दिसला. भुवई फुटलेली, सदऱ्यावर रक्त वाळलेलं, हात व्हाइसमध्ये. शेजारी उलट्या बादलीवर मावसभाऊ स्टीपे पावात चेवापी भरून खात बसला होता.

"हे काय चाललंय?"

"तू तुझं काम कर," व्लादो म्हणाला. "यानं गाडीत काय करून ठेवलंय ते शोध. एकदा बघून सापडलं नाही, तर दांड्याचा पाव फेरा. परत नाही सापडलं, परत पाव फेरा."

"डोकं फिरलंय तुझं. मी पोलिसांना फोन करते."

"कर की." त्याने दांड्यावर तळवा ठेवला. "ते येईपर्यंत मी मोकळाच आहे."

नेवेंकाने फोन खिशातून काढला नाही. भाऊ बोलतो ते करतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"नेव," ट्रॉय म्हणाला, "आईची शपथ, मी गाडीला बोट लावलेलं नाही."

"नेव म्हणायचे तुझे दिवस संपले, गड्या," स्टीपे भरल्या तोंडाने म्हणाला.

सहा वर्षं ट्रॉय आणि नेवेंका एका घरात राहिले होते. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तो पिशवी भरून, चहाचा कप तसाच अर्धा टाकून निघून गेला, आणि महिन्याभरात पोर्ट ऑगस्टात दुसरीबरोबर राहू लागला. खरं सांगायचं तर त्याचा हात तिथे अडकलेला बघून नेवेंकाला क्षणभर बरं वाटलं. पुढच्याच क्षणी त्या बरं वाटण्याची तिला शिसारी आली. लॅपटॉप बाकावर ठेवून ती कामाला लागली. आता हे काम वेगाने होणं हाच त्या हाताला वाचवायचा रस्ता होता.

बॉनेट आधीच उतरवून ठेवलं होतं. टर्बोच्या तोंडाशी तिने पूर्वीच एक बारीक छिद्र पाडून हवेची ओढ मोजणारं गेज जोडलं होतं. तिने ते काचेला चिकटवलं, आत बसली, इंजिन चालू केलं. मंद चालताना इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं.

त्या शेडात बापाने घालून दिलेला एक नियम होता. जवानीत एकदा पंख्याच्या पट्ट्यात त्याचा अंगठा गेला होता. तेव्हापासून पॅडल दाबणाऱ्याने आधी "हात!" असं ओरडायचं आणि शेडातल्या सगळ्यांनी दोन्ही हात डोक्यावर धरायचे. पाहुणा असो, पाद्री असो, सुटका नाही. सगळे हात दिसल्याशिवाय पॅडल दाबायचं नाही.

"हात!" नेवेंका ओरडली.

व्लादोचे दोन्ही वर गेले. स्टीपेचे गेले, एकात पाव. ट्रॉयने डावा वर केला.

"दोन्ही, दोन्ही," स्टीपे म्हणाला आणि स्वतःच हसला.

तिने पॅडल तळापर्यंत दाबलं. अर्ध्यापर्यंत गाडी छान चढली आणि पुढे, जिथे छाती फोडणारी गर्जना यायला हवी, तिथे तिचा घसा बसला. काळा धूर ओकत ती नुसती घरघरत राहिली. रोलरवर जोर निम्माच उमटला. गेजचा काटा मात्र पार शेवटाला जाऊन टेकला.

"टर्बो जीव खाऊन हवा ओढतोय आणि त्याला ती मिळत नाही," ती इंजिन मंद करून म्हणाली. "वाटेत कुठेतरी अडलंय. फिल्टर असेल. लाल धूळ."

व्हायालात गाडी मेली की लाल धुळीचं नाव सगळ्यांच्या आधी निघतं. खनिजाची ती धूळ वाळत घातलेल्या चादरींवर बसते, बाळांच्या कानात बसते, फिल्टरमध्ये का नाही बसणार.

"फिल्टर शुक्रवारी नवा घातलाय," व्लादो म्हणाला. "मी. स्वतः."

तरी तिने फिल्टर काढला. स्वच्छ होता. फिल्टरशिवाय पुन्हा "हात!" ओरडली, पुन्हा पॅडल दाबलं. काटा तिथेच टेकला. तीच घरघर, तेवढाच जोर.

"म्हणजे फिल्टर नाही. त्याच्या पुढे. नळीत आहे."

"नळीत काय कोंबलंस रे?" व्लादोने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दांडा पाव फेरा फिरवला.

ट्रॉयच्या तोंडून आवाज निघाला तो माणसाचा वाटत नव्हता. कुंपणापलीकडचं कुत्रं भुंकू लागलं. शेजाऱ्याने रेडिओ मोठा केला. शारिचांच्या शेडातल्या आवाजांकडे कानाडोळा करायची त्या गल्लीला जुनी सवय होती.

"थांब ना! मी शोधतेय ना!"

"मग शोध."

क्लॅम्प सोडवताना स्क्रूड्रायव्हर दोनदा निसटला. फिल्टरपासून येणारी लांब ॲल्युमिनियमची नळी तिने ओढून काढली, दाराकडे धरून आरपार पाहिली. पलीकडे पांढरं ऊन. दंडापर्यंत हात आत घालून चाचपलं. चिंधी नाही, फडकं नाही, कागदाचा बोळा नाही. ही नळी टर्बोच्या तोंडाशी जोडणारा सिलिकॉनचा वाकडा लाल एल्बो बॅटरीखाली अंधारात होता. दिवा मारून त्याच्याही आत पाहिलं. गोल, गुळगुळीत, रिकामा.

"काही नाही," ती म्हणाली आणि म्हणता क्षणीच तिला कळलं, की हे मनात ठेवायला हवं होतं.

"व्लादो, नको... नको, गड्या, नको..."

दांडा फिरला. या वेळी ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. ट्रॉय गुडघ्यांत मोडला, पण हात अडकल्यामुळे पुरता पडूही शकला नाही, लटकत राहिला आणि स्वतःच्या बुटांवर ओकला. नेवेंका धावली. तिने दोन्ही हातांनी दांडा उलटा ओढला. व्लादोने तिच्या तोंडावर उलट्या हाताची अशी मारली, की ती टायरांच्या थप्पीवर जाऊन आपटली. ओठ फुटला. लहानपणापासून भांडणं झाली होती, पण या भावाने तिच्यावर हात कधी टाकला नव्हता. तो स्वतःच्या हाताकडे बघत उभा राहिला.

"तू मधे आलीस," तो म्हणाला.

स्टीपेने पाव खाली ठेवला. "व्लादो, जरा..."

"तू गप बस."

नेवेंका उठली. तोंडातलं रक्त जमिनीवर थुंकली. रडू येत नव्हतं. भयंकर राग येत होता, आणि रागाने तिचं डोकं कधी नव्हे इतकं चाललं. इंजिन बंद असताना नळी साफ दिसते. मंद चालतानाही साफ. मग दोष बंद इंजिनात सापडणारच नाही. इंजिन पूर्ण ओढत असताना जो जन्मतो आणि पॅडल सोडलं की मरतो, असा काहीतरी दोष आहे. तो घडत असतानाच बघायला हवा.

तिने सगळं परत जोडलं. बॅटरीखाली तारेने एक छोटा आरसा टांगला, दिवा रोखला.

"स्टीपे, आत बस. पॅडल तू दाबायचं."

"हात!" स्टीपे आतून ओरडला.

तिचे वर. व्लादोचे वर. ट्रॉयचा डावा खांद्यापर्यंत आला आणि पडला.

"दाब! सगळं दाब!"

आरशात लाल एल्बो गोल होता. इंजिन चढलं, आणि बघता बघता त्याची बाजू आत गेली, मग दुसरी. कागदी नळी घालून आइस्ड कॉफी जोरात ओढावी आणि नळीच चपटी होऊन चिकटावी, तसा तो एल्बो चपटा झाला. गाडीचा घसा बसला. स्टीपेने पाय काढला आणि एल्बो पुन्हा गोल, जसा काही तो नव्हेच.

"सापडलं," ती म्हणाली.

एल्बो काढून तिने हातात घेतला. शिजून लगदा झालेल्या पास्तासारखा मऊ. फळीवर तसाच एक नवा, जादा सामानातला पडला होता. तो अंगठ्याने दाबला तरी दबत नव्हता. तिने जुना नाकाशी नेला. त्या वासाने ती थबकली.

शुक्रवारची संध्याकाळ. दर शुक्रवारी संध्याकाळी व्लादो इंजिन पुसायला बसायचा. डबाभर पेट्रोल, बापाच्या जुन्या सदऱ्याचं फडकं, आणि नळीन् नळी, बोल्टन् बोल्ट. इंजिनावर भाकर ठेवून खाता आली पाहिजे, असं बाप म्हणायचा. दुसऱ्या कुणाला तो फडक्याला हातही लावू द्यायचा नाही. सिलिकॉनची नळी पेट्रोल पिते, फुगते आणि मऊ होते. दोन वर्षं, दर शुक्रवारी, व्लादोने ही नळी प्रेमाने पेट्रोल पाजली होती.

आणि ती बसवली होती ट्रॉयने, निघून जायच्या आधी काही दिवस. नुसतं 'एल्बो खराब झाला' म्हटलं, तर खापर फोडायला व्लादोला समोर डोकं तयारच होतं. खरं पूर्ण सांगायचं, तर बापाची गाडी बापाच्या लाडक्या लेकानेच मारली, हे त्याला स्टीपेच्या आणि ट्रॉयच्या देखत ऐकावं लागणार होतं.

तिने पूर्ण सांगितलं.

"वास घे," ती शेवटी म्हणाली. "शनिवारी हरवलं ते तुझ्या फडक्याने. ट्रॉयचा काही संबंध नाही. सोड त्याला."

व्लादोने दोन्ही एल्बो घेतले. एक दाबला, दुसरा दाबला. वास घेतला. बराच वेळ घेतला. स्टीपे जमिनीकडे बघत राहिला.

"बाबा आयुष्यभर पेट्रोलनेच पुसायचे."

"बाबांच्या वेळी इथे लोखंडाची नळी होती."

"मग लोखंड काढून ही कुणी बसवली?"

स्टीपेने ट्रॉयकडे पाहिलं.

"मी," ट्रॉय म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. "तूच मागितलीस. लाल हवी, बॉनेट उघडलं की उठून दिसते, असं तूच..."

"बसवली यानं," व्लादो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटका पसरली. "ऐकलंस? यानं बसवली. स्वतःच्या तोंडाने बोलला. पेट्रोल चालत नाही हे सांगितलं का मला? नाही. म्हणजे मुद्दाम बसवली. दोन वर्षं आधी."

"व्लादो, अरे, काय बोलतोयस तू?"

"एल्बोशिवाय चालव. उघड्या तोंडाने. मला बघू दे. गाडीने पूर्ण ओढलं, म्हणजे दोष एल्बोचाच. आणि एल्बो याचा." त्याने व्हाइसकडे बोट केलं. "मग पाव नाही. पूर्ण फेरा."

"आणि नाही चालवलं तर?"

"तर आत्ताच पूर्ण फेरा."

नेवेंका गाडीत बसली. गाडी पूर्ण ओढणार, याची तिला खात्री होती. आयुष्यात पहिल्यांदाच आपलं निदान चुकावं असं तिला वाटत होतं, आणि ते चुकणार नव्हतं.

इंजिन मंद चालू होतं. काचेतून तिला तिघेही दिसत होते. स्टीपे बाकाशी, लॅपटॉपच्या पडद्यात डोकं घालून. ट्रॉय व्हाइसशी, कपाळ लोखंडाला टेकून. आणि व्लादो इंजिनावर ओणवा. टर्बोचं उघडं तोंड त्याच्या समोर होतं, आत पातं नुसतंच भिरभिरत होतं. कडेला तेलाचा एक ओघळ आला होता. व्लादोला तो बघवेना. त्याने मागच्या खिशातून बापाच्या सदऱ्याचं फडकं काढलं आणि टर्बोच्या तोंडाची आतली कड पुसू लागला. मंद इंजिनावर त्याने असं शंभरदा पुसलं असेल. नियम माहीत होता. "हात!" ऐकू आलं की काढायचा.

नेवेंकाने ओरडायला श्वास घेतला. ट्रॉयने डोकं उचलून तिच्याकडे पाहिलं. डावा हात वर करायच्या तयारीने त्याने थोडा उचललाही.

तिने तो श्वास आतच ठेवला आणि पॅडल तळापर्यंत दाबलं.

गर्जना आली. शनिवारी यायला हवी होती ती, शेडाचे पत्रे थरथरवणारी, पूर्ण छातीची. रोलर किंचाळले. मग फडकं आत गेलं आणि फडक्यामागोमाग बोटं. एक कर्कश, ओला, दळल्यासारखा आवाज झाला, आणि चिंधीने तोंड बंद झालेलं इंजिन हवेविना धापा टाकत मेलं.

आधी व्लादो ओरडलाच नाही. हात बाहेर ओढून तो चाकाशी बसला आणि त्या हाताकडे बघत राहिला. तर्जनी आणि मधलं बोट नव्हतं. अनामिका कातडीवर लोंबत होती. चकचकीत पुसलेल्या इंजिनावर, विंडशील्डवर, रविवारच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्त उडालं होतं. मग तो ओरडला.

स्टीपेने पाव गुंडाळलेला टॉवेल ओढला, पाव कुठेही उडाले, आणि त्याने टॉवेल भावाच्या मनगटाशी करकचून बांधला. दुसऱ्या हाताने फोन लावून पत्ता सांगितला, दोनदा चुकला. नेवेंका गाडीतून उतरली. व्हाइसपाशी गेली आणि दांडा उलटा फिरवू लागली. ट्रॉयचा हात सुटला. सुजून काळानिळा पडलेला, अंगठा भलतीकडे. पण हात होता. ट्रॉय तिच्याकडे बघत होता. ती ओरडली नव्हती, हे त्याने पाहिलं होतं.

"नेव," स्टीपे मागून म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला होता, कोपरापर्यंत लाल. "तू 'हात!' म्हणालीस? मला ऐकू नाही आलं. माझं लक्ष पडद्यावर होतं. तू म्हणालीस का?"

बाहेर कोळशावर चेवापी करपत होत्या. नेवेंका वळली. खरं तेच सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. त्या दिवशी तेवढंच एक तिच्याजवळ उरलं होतं. तिने तोंड उघडलं.

"म्हणाली," व्लादो म्हणाला.

त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, दात वाजत होते. तो बहिणीच्या फुटलेल्या ओठाकडे बघत होता.

"म्हणाली ती. मीच वर केले नाहीत," तो म्हणाला. "चूक माझी. दवाखान्यात कुणी विचारलं तर असंच सांगायचं. ऐकलंस, स्टीपे? तू पण, ट्रॉय."

मग त्याने धड राहिलेला हात जमिनीवरून उचलला, डोक्याच्या वर नेला आणि तसाच धरून बसला.